शिकाऊ उमेदवार ठेवायचाय? सरकारी मान्यता नेमकी कशाला आणि कुठून घ्यायची

"अप्रेंटिस ठेवायचाय" असं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "पोर्टलवर रजिस्ट्रेशन करून टाका." सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर रजिस्ट्रेशन होतंही पटकन. मग मुलगा कामाला येऊ लागतो, आपण त्याला महिन्याला पैसे देऊ लागतो, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं की याचा करार कुठे आहे. करार नसतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा शिकाऊ नसतो, कमी पगारावर ठेवलेला कामगार असतो. पीएफ, ईएसआय, किमान वेतन सगळं त्याला लागू होतं.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर मारून ती भाजायच्या युनिटमध्ये ऑफिसचं काम बघते. आजूबाजूच्या लहान कारखान्यांतून याच विषयावर फोन येतात आणि गोंधळ बहुतेक एकाच गोष्टीचा असतो. लोकांना वाटतं, सरकार कंपनीला एकदा मान्यता देतं आणि काम झालं. तसं नाही. मान्यता तीन वेगवेगळ्या गोष्टींना लागते: तुम्ही शिकवणार त्या ट्रेडला, म्हणजे कामाच्या प्रकाराला, तुमच्या आस्थापनेला, आणि प्रत्येक मुलाच्या कराराला. यातली एक राहिली तरी बाकीच्या दोन वाया जातात.

हे सगळं चालतं शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली. कायदा १ मार्च १९६२ पासून लागू झाला. त्यातला लहान उद्योगांच्या कामाचा मोठा बदल २०१४ च्या दुरुस्तीने आला आणि आकडे बदलले ते २०१९ च्या नियमांनी. जुन्या माहितीवर चालणारे सल्लागार अजून भरपूर आहेत, म्हणून वर्षं सांगितली.

१. आधी माणसं मोजा

तुमच्याकडे एकूण ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. चारपेक्षा कमी असतील तर तुम्ही यात बसत नाही.

इथला सापळा म्हणजे "एकूण". कंत्राटदाराची माणसंही यात धरतात. "आमच्या पगारपत्रकावर २२ च आहेत" असं म्हणणाऱ्या कारखान्यात लोडिंगला, पॅकिंगला मिळून १२ माणसं ठेकेदाराची असतात. झाले ३४. बंधन लागू.

घ्यायचे किती? एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. ३४ वर अडीच टक्के म्हणजे ०.८५, पंधरा टक्के म्हणजे ५.१. निदान एक आणि जास्तीत जास्त पाच, असं धरा. जागा भरल्या नाहीत तर सरकार आधी एक महिन्याची लेखी नोटीस देऊन कारण विचारतं. कारण पटलं नाही तर दंड: पहिले तीन महिने दर रिकाम्या जागेमागे महिन्याला ५०० रुपये, त्यानंतर जागा भरेपर्यंत महिन्याला १,००० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण नोटीस आली की उत्तरं देण्यात जो वेळ जातो तो महाग पडतो.

२. तुमचं प्रकरण कोणाकडे जातं ते बघा

कारखाना महाराष्ट्रात आहे म्हणून राज्य सरकारकडेच जायचं, असं नाही. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या आणि चार किंवा अधिक राज्यांत व्यवसाय असलेल्या आस्थापना केंद्राकडे जातात. त्यांच्यासाठी केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाची प्रादेशिक संचालनालयं आहेत. बाकी सगळे राज्याकडे.

महाराष्ट्रात हे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघतं. जिल्ह्यात तुमची गाठ पडते ती मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राशी. बोलताना सगळे त्याला बीटीआरआय म्हणतात. ते बहुधा आयटीआयच्या आवारात असतं आणि सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागार, म्हणजे हे काम बघणारे सरकारी अधिकारी, तिथेच बसतात. पहिल्या भेटीला फोन करून जा. परीक्षेच्या दिवसांत ते हाती लागत नाहीत.

डिप्लोमा किंवा डिग्रीवाला उमेदवार हवा असेल तर रस्ताच वेगळा. तो शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स योजनेतून येतो. पश्चिम भारतासाठी मुंबईला शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ आहे, त्याला बोट म्हणतात. पोर्टलही वेगळं. तिथे ठरवून दिलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग सरकार उचलतं. हा लेख आयटीआयवाल्या आणि शाळा शिकलेल्या मुलांपुरता आहे, त्यामुळे नॅट्स इथेच सोडते.

३. ट्रेड ठरवा, आणि इथे घाई करू नका

सगळ्या प्रक्रियेत सर्वात जास्त डोकं इथे लागतं, आणि नेमकं हेच काम लोक पोर्टलवरच्या ड्रॉपडाउनवर सोडून देतात.

ट्रेड दोन प्रकारचे. पहिला निर्देशित. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, वायरमन, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) वगैरे. हे ट्रेड केंद्र सरकार केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेचा सल्ला घेऊन अधिसूचित करतं. अभ्यासक्रम, मुदत, पात्रता सगळं वरून ठरलेलं. आयटीआय पास फिटर तुमच्याकडे आला तर त्याची उमेदवारी एक वर्षाची. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र.

दुसरा वैकल्पिक. हा २०१४ च्या दुरुस्तीने आला, २२ डिसेंबर २०१४ पासून. त्याआधी तुमचं काम सरकारी यादीत नसेल तर तुम्हाला रीतसर शिकाऊ घेताच येत नसे. कितीतरी धंदे बाहेर राहिले होते. आता मालकच ट्रेड ठरवू शकतो, मुदत सहा महिने ते तीन वर्षं.

निवडायचं कसं? तुमच्याकडे त्या ट्रेडची यंत्रं आणि तो ट्रेड येणारा माणूस असेल तर निर्देशितच घ्या. त्या प्रमाणपत्राचं वजन जास्त आहे. रेल्वे, महावितरण, माझगाव डॉक, एसटी यांच्या जाहिराती वाचलेल्या मुलाला ते लगेच कळतं आणि चांगली मुलं अर्ज करतात. पण नुसतं "फिटर" नाव लावायचं आणि त्याला वर्षभर जॉब, म्हणजे रंगवायच्या वस्तू, लटकवायला उभं करायचं, हे करू नका. शिकण्याशी संबंध नसलेल्या कामाला शिकाऊला लावलं तर कायद्यात प्रत्येक वेळेमागे १,००० रुपये दंड आहे आणि सरकारी सल्लागाराला आत येऊन तपासणी करायचा अधिकार आहे. दंड बाजूला ठेवला तरी परीक्षेत त्या मुलाच्या हातात फाईल आणि व्हर्नियर दिल्यावर तो काय करणार?

निर्देशित ट्रेडच्या अभ्यासक्रमातलं एखादं यंत्र तुमच्याकडे नसेल तर लगेच माघार घेऊ नका. दोन-तीन मालकांनी मिळून प्रशिक्षण देण्याची सोय कायद्यात आहे. शेजारच्या गाळ्यात सरफेस ग्राइंडर असेल तर लेखी ठरवून मुलाला ठरावीक आठवडे तिकडे पाठवता येतं.

४. वैकल्पिक ट्रेड असेल तर अभ्यासक्रम मंजूर करून घ्या

निर्देशित घेतला असेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

आधी पोर्टलवर तयार अभ्यासक्रमांची यादी शोधा. प्रत्येक क्षेत्राची सेक्टर स्किल कौन्सिल असते. वाहन उद्योगाची, कपड्यांची, रिटेलची, पर्यटनाची, आमच्यासारख्यांसाठी पेंट्स अँड कोटिंग्जची. त्यांनी बनवलेला आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी, म्हणजे एनएसक्यूएफशी जुळवलेला कोर्स तुमच्या कामाच्या जवळचा असेल तर तोच घ्या. मंजुरीचा अर्धा त्रास वाचतो. असा कोर्स नसेल तर स्वतः लिहून चढवावा लागतो आणि तो तपासणीला जातो.

लिहायचा कसा, ते आमच्याच कामाचं उदाहरण देऊन सांगते. सरकारी यादीत पेंटर आहे, इलेक्ट्रोप्लेटर आहे. पावडर कोटिंगच्या मुलाचं काम दोन्हींत बसत नाही. बहुतेक जण कोर्समध्ये लिहितात: "पावडर कोटिंगची संपूर्ण माहिती देणे." अशा ओळीला काही अर्थ नाही. तपासणाऱ्याला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: मुलगा काय करायला शिकेल, किती तासांत, आणि ते आलं की नाही हे कशावरून कळेल.

म्हणून शॉपमध्ये काम ज्या क्रमाने चालतं तो क्रम तसाच कागदावर उतरवा. आधी सेव्हन टँक, म्हणजे जॉब धुवून तयार करायच्या सात टाक्या: डीग्रीझिंग, डीरस्टिंग, फॉस्फेटिंग, मधली पाण्याची धुणी. इथे मुलाला टाकीतल्या केमिकलचं टायट्रेशन करून पॉइंट, म्हणजे त्याची तीव्रता, काढता आला पाहिजे. मग जॉब हँगरवर लावणं आणि अर्थिंग तपासणं. अर्थिंग नीट नसेल तर पावडर जॉबला धरत नाही, जमिनीवर पडते. मग गन चालवणं, खोलगट कोपऱ्यात आधी मारणं. मग ओव्हन: १८० ते २०० अंशांवर साधारण दहा-पंधरा मिनिटं, आणि ती मिनिटं जॉब तापल्यावर मोजायची, आत ढकलल्यापासून नाही. शेवटी जाडी मोजणं. ६० ते ८० मायक्रॉनमध्ये सलग जॉब आले तर हा भाग आला म्हणायचं. प्रत्येक भागापुढे तास लिहा, सुरक्षिततेचा भाग सुरुवातीला ठेवा, आणि शिकवणाऱ्याचं नाव, शिक्षण, अनुभव भरा.

अभ्यासक्रमात मूलभूत प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण वेगळं दाखवावं लागतं. आयटीआयला न गेलेल्या मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण आणि मगच शॉपवर, असा नियम आहे. ते बीटीआरआयमध्ये, मान्य केंद्रात किंवा तुमच्याकडे सोय असेल तर तुमच्याकडे. आयटीआय पास मुलाला ते लागत नाही. लहान युनिटनी पहिल्या खेपेला आयटीआय पास मुलंच घ्यावीत असं मी सांगते, ते यासाठीच.

एनएसक्यूएफची पातळी मिळते की नाही याकडे लक्ष ठेवा. ती कौशल्य प्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एनसीव्हीईटीच्या चौकटीतून येते. पातळी नसलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र तुमच्या कंपनीच्या ओळखीपलीकडे फारसं चालत नाही. मुलाने सहा महिने दिल्यावर त्याच्या हातात एवढंच देणं मला बरं वाटत नाही.

५. आस्थापनेची नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर. फी नाही. जवळ ठेवा:

- कंपनीचा पॅन, जीएसटी क्रमांक
- उद्यम प्रमाणपत्र, कारखाना परवाना किंवा दुकानदाराचा गुमास्ता, जे लागू असेल ते
- पीएफ आणि ईएसआयचा कोड, असेल तर
- बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक
- संपर्काच्या माणसाचा मोबाइल आणि ईमेल
- कायम आणि कंत्राटी मनुष्यबळाचा आकडा

शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर एक गोष्ट. मालकाच्या भाच्याचा किंवा सीएच्या ऑफिसातल्या मुलाचा मोबाइल घालू नका. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याच फोनवर जात राहतो. कंपनीचं सिमकार्ड आणि कंपनीचा ईमेल वापरा.

६. जागा जाहीर करा, उमेदवार घ्या

पोर्टलवर ट्रेड, जागा, ठिकाण आणि विद्यावेतन टाकून जागा जाहीर करायची. उमेदवार अर्ज करतात किंवा तुम्ही ओळखीच्या मुलाला त्याचं प्रोफाइल काढायला लावून घेऊ शकता. जवळच्या आयटीआयच्या निदेशकांना एक फोन केला तर पोर्टलच्या दुप्पट वेगाने मुलं मिळतात.

वय किमान १४, धोकादायक उद्योगात १८. आमच्यासारख्या ॲसिडची टाकी आणि ओव्हन असलेल्या ठिकाणी अठराच्या खालच्याला घेऊच नका. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गासाठी राखीव जागांची तरतूद कायद्यात आहे, तिचा हिशेब सल्लागार कार्यालयातून करून घ्या.

मुलाकडून घ्या: आधार, दहावी किंवा शेवटच्या वर्गाची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, फोटो, आधारशी जोडलेलं बँक खातं. यातलं नाव जुळवणं हे अक्षरशः डोळ्यांत तेल घालून करायचं काम आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शाळेत वडिलांचं नाव बाळासाहेब, आधारवर बाळू. बँकेत नुसतं आद्याक्षर. पोर्टल आधारचं नाव उचलतं आणि प्रमाणपत्रावरही तेच उमटतं. दुरुस्ती करायची असेल तर करार भरायच्या आधी मुलाला आधार केंद्रावर पाठवा.

७. करार: इथे शिकाऊ "शिकाऊ" होतो

करार तुमच्यात आणि मुलात. मुलगा सज्ञान नसेल तर पालकाची सही. त्यात ट्रेड, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विद्यावेतन.

कायद्यातल्या मुदती लक्षात ठेवा. कराराचा तपशील ७ दिवसांत पोर्टलवर भरायचा. सल्लागाराला हरकत असेल तर त्यांनी १५ दिवसांत कळवायची. आणि करार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनीच तो नोंदवायचा. तीस दिवस उलटून गेले आणि काहीच हालचाल नाही, तर पोर्टलवर नुसतं "प्रलंबित" बघत बसू नका. कराराचा क्रमांक घालून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

हरकती येतात त्या बहुतेक तीन कारणांनी: नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, विद्यावेतन किमानपेक्षा कमी भरलंय, किंवा पात्रता ट्रेडला बसत नाही. आणि करार मागच्या तारखेने करायला जाऊ नका. मुलगा जूनमध्ये आला, करार ऑगस्टमध्ये, तर मधले दोन महिने तो शिकाऊ नव्हता.

नोंदवलेल्या कराराचा फायदा असा: कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तो मुलगा प्रशिक्षणार्थी ठरतो, कामगार नाही. त्याच्यावर पीएफ आणि ईएसआय कापायचं नसतं. याच कलमाचा उलटा अर्थ काढणारेही आहेत, "कामगार नाही म्हणजे आपली जबाबदारी नाही." कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावरच आहे. कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या तरतुदीही त्याला लागू होतात. गॉगल, हातमोजे, बूट पहिल्या दिवशी द्या.

८. विद्यावेतन

२०१९ च्या नियमांतले किमान आकडे, महिन्याला:

- पाचवी ते नववी: ५,०००
- दहावी: ६,०००
- बारावी, किंवा आयटीआय: ७,०००

दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे, त्यामुळे करार भरायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू दर बघूनच आकडा टाका. यापेक्षा जास्त द्यायला कोणी अडवत नाही. चाकण-भोसरीत ७,००० वर चांगला मुलगा टिकतही नाही. खोलीभाडं आणि मेसमध्येच ते जातात.

महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, बँकेतून. नगावर पैसे द्यायचे नाहीत, कायदाच मना करतो.

केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे एनएपीएसमध्ये, सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा देतं, कमाल १,५०० रुपये. आयटीआयवाल्याच्या ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, पण मिळणार १,५००. म्हणजे तुमच्या खिशातून ५,५००. पूर्वी मालक आधी सगळं द्यायचा आणि मग परतावा मागायचा. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. त्यासाठी दर महिन्याला हजेरी आणि तुम्ही दिलेल्या रकमेचा तपशील पोर्टलवर भरावा लागतो. तो भरला नाही तर पैसे अडकतात आणि मुलगा तुमच्याकडे येऊन उभा राहतो.

९. नावं सारखी वाटतात, योजना वेगळ्या

२०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही आली. दोन्ही चांगल्या असतील, पण त्या १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी नव्हेत. त्यांत कायद्याचा करार नाही, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नाही, आणि तिथले प्रशिक्षणार्थी दाखवून तुमची अडीच टक्क्यांची गरज भागत नाही.

आणखी एक, एजंट. लहान कारखान्यांना कागदपत्रांत मदत करायला थर्ड पार्टी ॲग्रिगेटर नेमायची रीतसर सोय आहे, ते ठीक. पण मुलांकडून "अप्रेंटिसशिप लावून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्याला दारात उभं करू नका. मुलाला नोंदणीला काही पैसे पडत नाहीत.

१०. वर्षभराची वही, परीक्षा आणि पुढे

मुलाची कामाची वही पहिल्या आठवड्यापासून लिहून घ्या. रोज दोन ओळी आणि आठवड्याला सुपरवायझरची सही. परीक्षेच्या तोंडावर वर्षाची वही एका रात्रीत एकाच पेनाने लिहिलेली परीक्षकाला दुरूनच ओळखू येते. हजेरीच्या कमतरतेवरही मुलं अडकतात, म्हणून सुट्ट्यांची नोंद वेगळी ठेवा. सुट्ट्या तुमच्या कारखान्यात जशा असतात तशाच त्याला.

निर्देशित ट्रेडला अखिल भारतीय परीक्षा, वैकल्पिकला कोर्समध्ये ठरलेलं मूल्यमापन. परीक्षेचा अर्ज भरायची आठवण तुम्हीच ठेवा, मुलाच्या भरवशावर राहू नका. मुलगा मधेच सोडून गेला तर करार रीतसर संपवायची नोंद पोर्टलवर करा, नाहीतर ती जागा भरलेली दिसत राहते आणि नवा मुलगा घेता येत नाही.

उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी द्यायलाच हवी असं कायदा सांगत नाही, आणि त्यानेही तुमच्याकडेच राहिलं पाहिजे असं नाही. मात्र अशा मुलांना घेण्याबद्दल कंपनीने स्वतःचं धोरण ठरवावं, असं कलम २२ म्हणतं. एका पानाचं पत्र पुरतं. कोणत्या निकषावर घेणार, किती पगारावर, एवढंच लिहा, आणि ते मुलाला करारावर सही करायच्या वेळीच वाचायला द्या.